चेहऱ्याचा लकवा
चेहऱ्याच्या एका बाजूचे स्नायू अचानक ढिले पडून तोंड वाकडे होण्याचा विकार. आयुर्वेदात याला ‘अर्दित’ म्हणतात. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे ‘तोंडावरनं वारं गेलं’ असे म्हणायची रीत आहे; ‘लकवा’ हा शब्द तर तिथे मराठी आणि कानडी दोन्ही घरांत चालतो. घोटाळा एवढाच, की मेंदूतल्या झटक्याने अर्धे अंग लुळे पडले तरी तोच शब्द वापरतात.

चेहरा हलवणारी आनन तंत्रिका ही मेंदूची सातवी नस. कानामागच्या हाडातल्या अरुंद, वळणदार नळीतून ती बाहेर येते. नस सुजली तरी हाड ताणत नाही; ती जागच्या जागी आवळली जाते. सकाळी चूळ भरताना पाणी एका कडेने गळते, तेव्हा बहुतेकांच्या लक्षात येते. मग डोळा पुरता मिटत नाही, भाकरीचा घास गालात अडकतो, जिभेच्या पुढच्या भागाची चव जाते, कानामागे ठणकते.

ओळखीची मोठी खूण कपाळावर असते. कपाळाच्या स्नायूंना मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून आज्ञा मिळते. म्हणून मेंदूतल्या झटक्याने तोंड वाकडे झाले तरी भुवया सहसा वर जातात, आठ्या पडतात. नसच दुखावली असेल तर ती बाजू सपाट राहते. तरीही हा निवाडा घरी करत बसू नये. सोबत हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळले, तर लगेच १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे.

कारण सापडत नाही अशा लकव्याला स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांचे नाव आहे; त्यांनी १८२१ मध्ये या नसेचे वर्णन केले. बहुतेक रुग्ण याच प्रकारचे असतात. सुप्त नागीण-वर्गीय विषाणू जागा होऊन नस सुजते, असा कयास आहे. मधुमेह आणि गरोदरपणाचे शेवटचे महिने यांत धोका वाढतो. कानातली नागीण, जुना वाहता कान, कुष्ठरोग, डोक्याला मार ही वेगळी कारणे, त्यांचे उपचारही वेगळे. चोर्ला घाटातून बसच्या खिडकीशी बसून आलो आणि गार वारे लागले, असे पुष्कळ जण सांगतात. पण वाऱ्याने लकवा होतो हे सिद्ध झालेले नाही. रोगाच्या नावातच वारे असल्यावर संशय तिकडे जाणारच.

बेलच्या लकव्यात प्रेडनिसोलोन हे सूज उतरवणारे स्टेरॉइड औषध ७२ तासांच्या आत सुरू झाल्यास गुण चांगला येतो. तेल चोळून आठवडा काढणाऱ्यांची ही वेळ हातची जाते. मधुमेह्याने हे औषध घेताना साखरेवर लक्ष ठेवावे लागते. डोळ्याची काळजी त्याहून निकडीची : दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर पट्टी, नाहीतर बुबुळ कोरडे पडून जखम होते.

औषधाविनाही सुमारे ७० टक्के रुग्ण पूर्ण बरे होतात; सुधारणा बहुधा तीन आठवड्यांत दिसू लागते. चार महिन्यांतही हालचाल परतली नाही, तर दुसरे कारण शोधावे लागते. काहींच्या नसेचे धागे वाढताना वाट चुकतात. मग हसताना डोळा मिटतो, किंवा जेवताना त्याच डोळ्यातून पाणी येते. वैद्यकात याला नक्राश्रू म्हणतात. ढोंगाचा मात्र त्यात लवलेश नसतो.