लाल बदाम आणि अर्धा गरुड: फ्रिजियन गावांच्या झेंड्यांची पार्श्वभूमी

नेदरलँड्सच्या उत्तरेकडच्या फ्रीसलँड प्रांताचा झेंडा पहिल्यांदा पाहिला की वाटतं, यावर पत्त्यांतले लाल बदाम कशाला छापलेत? हेरनफेनच्या फुटबॉल संघाच्या शर्टावरही तेच. पण ते बदाम नाहीत. ती ‘पोम्पेब्लेडन’, म्हणजे तिथल्या कालव्यांत तरंगणाऱ्या पिवळ्या कुमुदिनीची पानं. चार निळे आणि तीन पांढरे तिरपे पट्टे, आणि पांढऱ्यांवर दोन, तीन, दोन अशी सात पानं.

पानांची खूण जुनी आहे. तेराव्या शतकातल्या ‘कुद्रुन’ या जर्मन काव्यात हेरविग नावाच्या राजाच्या निळ्या निशाणावर अशीच जलपर्णं आहेत. सात हा आकडा मात्र जरा सैल. तो मध्ययुगातल्या ‘सात फ्रिजियन सागरी प्रदेशां’चा, असं सांगतात: आजच्या आल्कमारपासून जर्मनीतल्या वेझर नदीपर्यंत किनाऱ्यालगतचे, सरंजामदाराला न जुमानणारे मुलूख. खरं तर असे मुलूख सातांहून जास्त होते. आपल्या ‘सातासमुद्रापार’मध्ये तरी कोण समुद्र मोजायला बसतं! झेंड्याचा आजचा आराखडा १८९७चा, आणि प्रांताने तो अधिकृतपणे स्वीकारला १९५७मध्ये.

गावांच्या मानचिन्हांत, म्हणजे ढालीच्या आकारातल्या ओळखचिन्हांत, दुसरी एक खूण हमखास दिसते: उभा चिरलेला काळा गरुड, सोनेरी पार्श्वभूमीवर, ढालीच्या एका बाजूला चिकटलेला. फ्रीसलँडमधल्या स्नेक शहराच्या चिन्हातही तो तीन मुकुटांच्या बाजूला बसलाय. स्वतःच्या मालकीची जमीन कसणाऱ्या शेतकरी घराण्यांनी तो आपल्या ढालींवर घेतला. गरुड म्हणजे सम्राट; आमच्या डोक्यावर सम्राटाखेरीज धनी नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो. हे स्वातंत्र्य शार्लमेन या मध्ययुगीन सम्राटाने बहाल केलं, अशी आख्यायिका आहे. त्यासाठी दाखवली जाणारी सनद बनावट ठरली, आणि १४९८मध्ये सॅक्सनीचा ड्यूक आल्ब्रेख्ट याच्याकडे कारभार गेल्यावर ते स्वातंत्र्यही संपलं. गरुड तेवढा राहिला.

फ्रीसलँडमधल्या बऱ्याच खेड्यांनाही स्वतःचा झेंडा असतो. एवढ्याशा गावाला तो कशाला? कारण वरची पाटी सारखी बदलते. तिथे अनेक खेड्यांची मिळून एक नगरपालिका असते. योरवर्ट हे गाव १९८४पर्यंत बार्डेराडेल नगरपालिकेत होतं. त्या साली फ्रीसलँडमधल्या ४४ नगरपालिकांच्या ३१ झाल्या आणि गाव लिट्टेन्सेरादीलमध्ये गेलं. २०१८मध्ये तीही मोडली. आता ते प्रांताची राजधानी लेउवार्डनच्या हद्दीत आहे. एकाच घरात राहून माणसाने तीन नगरपालिका पाहिल्या. झेंडा गावाचा असला, की तो वरून कुणाला बदलता येत नाही.

सरकारी मंडळ प्रांत आणि नगरपालिकांची चिन्हं बघतं. खेडी त्याच्या कक्षेत येत नाहीत. ती पोकळी फ्रिजियन भाषा आणि इतिहासाचं काम करणाऱ्या ‘फ्रिस्के अकादमी’शी जोडलेल्या मानचिन्ह मंडळाने भरली. मंडळ गावाबरोबर बसून चिन्ह ठरवतं, मग त्या ढालीच्याच रंगांतून झेंडा उतरतो. चिन्हात येतं ते गावातलंच. गवताळ कुरणांसाठी तिपानी क्लोव्हर. पुरापासून वाचायला माणसांनी मातीची भर घालून उभारलेल्या ‘टेर्प’ टेकाडासाठी ढालीच्या तळाशी हिरवा उंचवटा. हेगेबाइन्टुमचं टेकाड तर जवळपास नऊ मीटर उंच आहे. आणि जिथे चर्चला मनोरा बांधायला पैसे नव्हते, तिथे अंगणातल्या लाकडी चौकटीत टांगलेली घंटा. गरिबीची ही खूण ढालीवर मिरवायला गावं लाजत नाहीत.