वॉलपेपर निघाला, खळ भिंतीवरच

दिवाळी जवळ आली की पुण्यात घरोघरी रंगकाम निघतं. काही वर्षांपूर्वी हौसेनं लावलेला हॉलमधला वॉलपेपर तोवर कडांना सुटलेला असतो. तो ओढून काढला, खाली भिंत बरी दिसली, की लगेच बोहरी आळीतून प्रायमरचा डबा येतो. कागद निघाला म्हणजे भिंत रंगाला तयार झाली, हा समज मला फार खटकतो. कारण कागदाला धरून ठेवणारी खळ बहुतेक वेळा भिंतीवरच राहिलेली असते. वाळल्यावर ती जवळजवळ दिसत नाही, आणि नव्या रंगाचे पोपडे पुष्कळदा तिच्यामुळेच निघतात.

ही खळ साधारणपणे स्टार्चची किंवा सेल्युलोजपासून केलेल्या पावडरची असते. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या कड्यांची लांब साखळी. प्रत्येक कडीवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, म्हणजे हायड्रॉक्सिल गट असतात. पाण्याच्या रेणूतही ऑक्सिजनला जोडलेले हायड्रोजन असतात, त्यामुळे दोघे एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरतात. खळ ओली असते तेव्हा हे गट पाण्यात गुंतलेले असतात. पाणी उडून गेलं की तेच गट कागदाला, गिलाव्याला आणि आपापसांत धरून बसतात. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन कायमचं घट्ट होतं, तसं इथं काही होत नाही. पाणी परत आलं की बंध सुटतात. खळ घातलेली सुती साडी पावसात भिजली की मऊ पडते, तेच भिंतीवर घडतं.

आता तिच्यावर इमल्शन, म्हणजे पाण्यात कालवलेला भिंतीचा रंग, लावून पाहा. इमल्शनमध्ये पाण्यात तरंगणारे पॉलिमरचे कण असतात, मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही लहान. रंगातलं पाणी खळीत मुरतं आणि ती फुगून लिबलिबीत होते. वरचं पाणी उडतं तसे कण एकमेकांवर दाबले जाऊन त्यांचा सलग पापुद्रा बनतो, आणि बनताना तो आकसतो. त्या ओढीला तोंड द्यायला खाली घट्ट आधार हवा, तोच नेमका मऊ पडलेला असतो. मग खळही वाळून आकसते आणि रंगावर जाळीदार भेगा उमटतात. पहिल्या आठवड्यात निभावलं तरी धोका टळत नाही. पुण्यात एप्रिलची दुपार कोरडी ठणठणीत आणि जुलैची हवा दमट. स्टार्च त्या हवेतलं पाणी घेत-सोडत राहतं.

स्टार्च आहे का, हे घरी तपासता येतं. औषधाच्या दुकानातलं पोव्हिडोन आयोडीन पाणी घालून फिकं करा आणि थेंब भिंतीला लावा. निळा-काळा डाग पडला तर स्टार्च आहे. स्टार्चमधल्या अमायलोजची साखळी मळसूत्रासारखी गुंडाळलेली असते. आयोडीनचे रेणू तिच्या पोकळीत रांगेनं अडकतात आणि प्रकाश वेगळ्या प्रकारे शोषतात. पण भिंतीवर नुकतीच सिमेंटची डागडुजी झाली असेल तर ती अल्कधर्मी असते. तिथं आयोडीनचं आयोडाइड आणि आयोडेटमध्ये रूपांतर होऊन रंगच नाहीसा होतो, आणि खळ नाही असं खोटं उत्तर मिळतं. म्हणून भिंत पुसलेल्या स्पंजचं पाणी वाटीत पिळा, त्यात थोडं व्हिनेगर टाका आणि मग थेंब सोडा. सेल्युलोजची खळ मात्र या चाचणीत निळी होत नाही. ती बोटांनी ओळखायची: ओल्या भिंतीवर हात फिरवला की बुळबुळीत लागते.

काढायला लागतं कोमट पाणी आणि धीर. पाणी थरात मुरायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणजे थर दुप्पट जाड असेल तर सुमारे चौपट वेळ. पाणी मारल्या मारल्या खरवडायला लागलात तर खळीआधी गिलावा उडेल. भिजवा, थांबा, पट्टीनं खरवडा, स्पंजनं पुसा आणि पाणी वारंवार बदला. गढूळ पाण्यानं पुसलं तर तीच खळ पातळ होऊन भिंतभर पसरते.

कागदामागे काळे ठिपके दिसले की वास्तुदोष सांगून पिरॅमिड विकणारे भेटतात. ती बुरशी आहे. स्टार्च हे तिचं अन्न, आणि पाणी गळक्या नळातून किंवा बाहेरच्या भेगेतून येतं. भेग बुजवा, नळ दुरुस्त करा. पिरॅमिडनं ओल हटत नाही.

जुन्या घरात खाली ऑइल पेंट निघाला तर तो कोरडा घासू नका. घरगुती रंगातल्या शिशाला दशलक्ष भागांत ९० भाग ही मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरात शिसं असू शकतं. मुलांना दुसऱ्या खोलीत ठेवा आणि पृष्ठभाग ओला करूनच घासा.

धुतल्यावर लगेच लांबी, म्हणजे पुट्टी, भरू नका. हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं भिंतीला चिकटवा आणि एक दिवस राहू द्या. आतल्या बाजूला दव दिसलं तर आणखी वाळू द्या. कोरडं निघालं, की लांबी, पॉलिश पेपर, धूळ पुसणं आणि मग प्रायमर.