निघण्याआधी मन जो अंदाज बांधतं

मन उदास असलं की उठून बाहेर पडायची इच्छा सगळ्यात आधी मरते. ‘जरा पाय मोकळे करून ये’ असं कुणी म्हटलं की आतून लगेच उत्तर येतं, त्यानं काय होणार आहे? हे उत्तर इतकं खात्रीचं वाटतं की ते पडताळून बघावं असं आपल्या मनातही येत नाही. मानसशास्त्रज्ञांनी मात्र ते पडताळलं आहे.

कॅनडात ओटावा इथल्या कार्लटन विद्यापीठाच्या इमारती जमिनीखालच्या बोगद्यांनी जोडलेल्या आहेत. एलिझाबेथ निस्बेट आणि जॉन झेलेन्स्की या संशोधकांनी त्यांचा छान उपयोग करून घेतला. काही विद्यार्थ्यांना त्यांनी बोगद्यांतून चालायला लावलं आणि काहींना बाहेरून, झाडाझुडपांच्या वाटेनं. चालून आल्यावर कसं वाटेल, याचा अंदाजही विद्यार्थ्यांकडून घेतला. २०११ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे, की बाहेरून चालून आलेले विद्यार्थी बोगद्यातल्यांपेक्षा खुशीत होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बाहेरच्या फेरफटक्यानं जेवढं बरं वाटेल असा अंदाज होता, त्यापेक्षा प्रत्यक्षात जास्त बरं वाटलं होतं.

अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठात जेफ्री मिलर आणि झ्लाटन क्रिझान यांनी २०१६ मध्ये आणखी एक पाऊल पुढे टाकलं. हा प्रयोग चालण्याविषयी आहे, हे त्यांनी सहभागी लोकांना कळूच दिलं नाही. चालणं साधंच होतं, काही मिनिटांचं, तेही इमारतीच्या आतलं. तरीही बसून राहिलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांची मनःस्थिती चांगली राहिली. मूड बिघडेल अशी अपेक्षा आधीच मनात रुजवली, तरी फरक पडायचा तो पडलाच. चालण्याचा परिणाम निव्वळ श्रद्धेतून येतो, असं म्हणणाऱ्यांना हे चांगलं उत्तर आहे. मला तर या विषयातली ही सर्वात दिलासा देणारी गोष्ट वाटते, कारण चालण्यावर विश्वास नसलेल्यालाही ते उपयोगी पडतं.

मग चालताना नेमकं होतं तरी काय? इथे पटकन ‘एंडॉर्फिन’ हा शब्द पुढे येतो, म्हणजे शरीरात तयार होणारं, वेदना कमी करून बरं वाटायला लावणारं रसायन. ते स्पष्टीकरण अपुरं आहे. रक्तातलं एंडॉर्फिन मेंदूत सहज शिरत नाही. व्यायामानंतरच्या हलकेपणामागे शरीरातच तयार होणाऱ्या एंडोकॅनाबिनॉइड नावाच्या रसायनांचा वाटा असावा, असं आता अनेक संशोधक मानतात. पण एखाद्या रसायनाच्या मागे लागण्यापेक्षा चालताना आपले विचार कुठे जातात हे पाहिलं, तर जास्त उलगडा होतो.

उदास मन विचारांचा रवंथ करतं. ती अशी का म्हणाली, मी तेव्हा गप्प का बसलो, माझंच नेहमी असं का होतं, हे चक्र संपत नाही आणि त्यातून हातीही काही लागत नाही. ही सवय जडलेल्यांना नैराश्य येण्याची शक्यता जास्त असते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या ग्रेगरी ब्रॅटमन आणि सहकाऱ्यांनी ३८ निरोगी माणसांचे दोन गट केले. एका गटाला ९० मिनिटं गवताळ, झाडं असलेल्या भागात चालायला पाठवलं, तर दुसऱ्याला तितकाच वेळ वाहनांनी भरलेल्या रस्त्याच्या कडेनं. आधी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली, मेंदूचं स्कॅनही केलं. निसर्गात चालून आलेल्यांमध्ये हा रवंथ कमी झाला होता. त्याच्याशी जोडलेला मेंदूचा एक भाग, कपाळामागे खोलवर असलेला सबजेन्युअल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, हाही शांत झालेला दिसला. रस्त्याच्या कडेनं चाललेल्यांमध्ये असा बदल नव्हता. पुढे २०२२ मध्ये बर्लिनमधल्या संशोधकांनीही काहीसं असंच पाहिलं. जंगलात तासभर चालल्यावर भीती आणि ताण हाताळणाऱ्या अमिग्डला या भागाची सक्रियता घटली, गजबजलेल्या बाजाररस्त्यावर चालल्यावर ती होती तशीच राहिली.

म्हणजे पाय दोन्हीकडे सारखेच चालले, फरक पडला तो भोवतालानं. याचं एक स्पष्टीकरण रेचल आणि स्टीफन कॅप्लन या दांपत्यानं मांडलं. वाहनांच्या गर्दीत आपल्याला सतत लक्ष द्यावं लागतं. हॉर्न, सिग्नल, अंगावर येणारी दुचाकी, यांतलं काहीच दुर्लक्षून चालत नाही. पानांची सळसळ किंवा पाण्यावरचा उजेड लक्ष वेधतो, पण मागे लागत नाही. तेवढ्या अवधीत मुद्दाम लक्ष एकाग्र करण्याची थकलेली क्षमता विसावते.

हे मोजण्याची एक सोपी रीत आहे. कुणालातरी आकडे वाचून दाखवायला सांगा, ७, २, ९, ४, १, आणि ते उलट्या क्रमानं म्हणा: १, ४, ९, २, ७. एकेक आकडा वाढवत गेलं की थोड्याच वेळात घसरगुंडी सुरू होते. मिशिगन विद्यापीठात मार्क बर्मन आणि सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हीच चाचणी वापरली. वृक्षोद्यानात चालून आल्यावर लोकांना ती जास्त चांगली जमली, शहरातून चालून आल्यावर तेवढी नाही. काहीजण ऐन हिवाळ्याच्या कडाक्यात चालले होते. त्यांना ती फेरी मुळीच सुखद वाटली नाही, पण चाचणीतली सुधारणा त्यांच्यातही दिसली. फेरफटका आवडला नाही म्हणून तो वाया गेला, असं होत नाही तर.

बाहेर पडण्याचा आणखी एक लाभ डोळ्यांवाटे मिळतो. चांगली दिवाबत्ती असलेल्या खोलीत साधारण ३०० ते ५०० लक्स (उजेड मोजण्याचं एकक) उजेड असतो. ढगाळ दिवशीसुद्धा उघड्यावर तो हजारो लक्स असतो, लख्ख उन्हात एक लाखाच्या आसपास जातो. डोळे जुळवून घेतात, म्हणून एवढी मोठी तफावत आपल्याला जाणवत नाही. पण दृष्टिपटलात मेलॅनोप्सिन असलेल्या काही खास पेशी आहेत. त्या उजेडाचं प्रमाण टिपतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. सकाळच्या उजेडानं हे घड्याळ जागेवर राहतं, रात्री झोप वेळेवर येते, आणि झोप सुधारली की मनही सावरतं. दिवसभर घरात आणि रात्री स्क्रीनसमोर बसणाऱ्याच्या घड्याळाला दिवस नेमका केव्हा उजाडला हेच नीट कळत नाही.

किती चालावं? इंग्लंडमधल्या सुमारे २०,००० लोकांच्या पाहणीत आठवड्याला एकूण १२० मिनिटं किंवा जास्त वेळ निसर्गात घालवणारे स्वतःचं आरोग्य आणि स्वास्थ्य चांगलं असल्याचं जास्त प्रमाणात सांगत होते. हा वेळ एकदम घालवला की तुकड्यातुकड्यानं, यानं फरक पडला नाही. अर्थात ज्यांना बरं वाटतं तेच जास्त बाहेर पडतात, हाही त्याचा अर्थ असू शकतो. अशा पाहण्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, वरचे प्रयोग महत्त्वाचे आहेत ते म्हणूनच. २०२२ मध्ये १५ अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात, शिफारस केलेल्या व्यायामाच्या निम्मा व्यायाम करणाऱ्यांमध्येही नैराश्याचा धोका काहीच व्यायाम न करणाऱ्यांपेक्षा १८ टक्क्यांनी कमी आढळला.

नैराश्याचा आजार ज्याला जडला आहे, त्याला ‘जा, चालून ये’ एवढंच सांगणं मात्र अन्यायाचं आहे. त्या अवस्थेत अंथरुणातून उठणंच डोंगराएवढं असतं. औषधं, समुपदेशन लागत असेल तर ते घ्यायलाच हवं. जीव नकोसा वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायला हवं.

पण उपचारातही या चुकणाऱ्या अंदाजाचा विचार केलेला असतो. बिहेविअरल अ‍ॅक्टिवेशन या उपचारपद्धतीत उत्साह येण्याची वाट न पाहता छोटी कृती आधी ठरवून केली जाते. २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या ४४० रुग्णांवरच्या चाचणीत ती अधिक प्रचलित अशा बोधात्मक वर्तन उपचारापेक्षा, म्हणजे विचार आणि वागण्याच्या सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या समुपदेशनापेक्षा, कमी ठरली नाही. समुपदेशक कधीकधी एक साधा तक्ता भरायला देतात. आजची कृती, समजा, कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन परत येणं. निघण्याआधी लिहायचं, यातून ० ते १० पैकी किती बरं वाटेल. आल्यावर शेजारच्या रकान्यात, प्रत्यक्षात किती वाटलं. काही दिवस दोन्ही रकाने भरले की ते शेजारी-शेजारी ठेवून बघायचे.