नवे मोटारहोम : पहिल्या वर्षासाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार,

आमच्या नाशिकच्या कार्यशाळेतून आपण मोटारहोम घेतलेत, याबद्दल मनःपूर्वक आभार. गाडी ताब्यात देताना आम्ही सर्व गोष्टी समजावून सांगतो. परंतु पूजा, नारळ आणि नातेवाइकांच्या लगबगीत त्यांतल्या बऱ्याच निसटून जातात. त्या शांतपणे वाचता याव्यात, म्हणून हे पत्रक दिले आहे.

प्रत्येक खड्ड्यागणिक कपाटांचे स्क्रू, नळाचे जोड आणि तारांच्या जोडण्या हादरत असल्यामुळे पहिल्या काही महिन्यांत किरकोळ दुरुस्त्या निघतातच, त्याने मन खट्टू करून घेऊ नये. मात्र त्या घराजवळ निघाव्यात, एवढी काळजी आपण नक्की घेऊ शकता. म्हणूनच पहिली रात्र आपल्याच अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात गाडीत झोपून काढावी, दुसरा मुक्काम त्र्यंबकेश्वर किंवा गंगापूर धरणाच्या परिसरात करावा, मग भंडारदऱ्याला जावे आणि गोव्याचा बेत त्यानंतरच आखावा, असा आमचा आग्रह आहे.

त्या पहिल्या रात्री सर्व नळ बंद करून पाण्याचा पंप चालू ठेवावा आणि कान देऊन ऐकावे. कोणी नळ उघडलेला नसताना पंप मध्येच क्षणभर घरघरून थांबत असेल, तर कुठेतरी दाब उतरतो आहे, म्हणजेच एखादा जोड झिरपतो आहे. अशा वेळी बेसिनखालच्या आणि गिझरमागच्या प्रत्येक जोडावर कोरडा कागदी रुमाल दाबून पाहावा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो.

पाण्याचे वजनही ध्यानात ठेवावे. २०० लिटरची टाकी भरली की गाडीवर २०० किलो भार वाढतो. त्यात माणसे, सिलिंडर, भांडीकुंडी आणि अंथरूण-पांघरूण आले की नोंदणी प्रमाणपत्रावरील कमाल वजन ओलांडायला वेळ लागत नाही. प्रवासाला निघतो तशी पूर्ण भरलेली गाडी एकदा भुईकाट्यावर नेऊन तिचे एकूण वजन आणि पुढच्या-मागच्या चाकांवरचा भार वेगवेगळा मोजून घ्यावा. पिंपळगाव-लासलगावच्या बाजूला, जिथे कांद्याची वाहने मोजली जातात, तिथे हे काम सहज होते. जड गाडी कसारा घाटात किंवा सप्तशृंगी गडाच्या वाटेवर उतरवताना खालचा गिअर टाकूनच उतरवावी. सतत ब्रेक दाबून ठेवल्यास तो तापतो आणि नेमका हवा तेव्हा लागत नाही. चाकांतली हवा टायर थंड असतानाच तपासावी.

विजेबाबत सर्वाधिक गैरसमज आढळतो. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवर बॅटरीत पूर्ण चार्ज असताना साधारण सव्वा युनिट वीज असते. दिवे, पंखा, पंप आणि छोटा फ्रीज यांना ती पुरते, पण एक टनाचा एसी ती तासा-दीड तासात संपवतो. सौर पॅनेल असले तरी एसी आणि इंडक्शन शेगडी बाहेरच्या वीजजोडणीवरच चालवावी.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळती झाल्यास तो जमिनीलगत साचतो. त्यासाठीच गॅस-सूचक खाली बसवला आहे आणि तळाशी झरोके ठेवले आहेत. निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत मुक्काम असला, तरी झरोक्यांत कापड कोंबू नये आणि ऊब मिळावी म्हणून शेगडी पेटती ठेवून कदापि झोपू नये. वास आल्यास विजेच्या कोणत्याही बटणाला हात न लावता सिलिंडर बंद करावा, दारे उघडावीत आणि सर्वांनी बाहेर पडावे.

सांडपाणी आणि शौचालयाची टाकी गोदावरी, दारणा किंवा कोणत्याही ओढ्याकाठी रिकामी करू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. जागामालकाच्या परवानगीने शौचालयातच ती ओतावी. तिथे सेप्टिक टँक असेल तर फॉर्मालिनयुक्त रसायन वापरू नये, कारण मैला कुजवणारे जिवाणू त्याने मरतात.

गाडीच्या रचनेत पुढे काही बदल करावयाचा झाल्यास, मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, हे लक्षात घेऊन आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारणा करावी.

छताचा विषय मुद्दाम शेवटी घेतला आहे, कारण सर्वांत महागडे नुकसान तिथूनच सुरू होते. उन्हाळ्यात तापून आणि गाडीच्या हिसक्यांनी सीलंटला केसासारख्या भेगा पडतात आणि इगतपुरीच्या पावसात त्यांतून शिरलेले पाणी भलत्याच कोपऱ्यात निघते. दर पावसाळ्यापूर्वी छतावरील झरोक्याची चौकट, सौर पॅनेलचे पाय आणि कडेच्या पट्ट्या नीट पाहाव्यात. आतून छताचे कोपरे अंगठ्याने दाबावेत आणि प्लाय मऊ लागल्यास वाट न पाहता गाडी आमच्याकडे आणावी. मे महिन्यात गर्दी असते, त्यामुळे एप्रिलमध्येच वेळ ठरवून घेतल्यास छताची पूर्ण तपासणी निवांतपणे करता येईल.