जुनाट वेदना व मनाचा चिवटपणा

तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारी किंवा पुन्हा पुन्हा उद्भवणारी वेदना म्हणजे जुनाट वेदना. कंबरदुखी, संधिवात, अर्धशिशी, नागीण बरी झाल्यावरही मागे राहिलेली आग ही तिची नेहमीची रूपे. अशी वेदना सोबत असतानाही कामात, माणसांत आणि आपल्या आवडीनिवडींत टिकून राहण्याची क्षमता म्हणजे मानसिक चिवटपणा. आपल्याकडे त्याची सोसण्याशी चटकन गल्लत होते. दुखणे अंगावर काढणाऱ्या बाईचे घरात कौतुक होते. पण औषध न घेता, कुणाला न सांगता दिवस ढकलणे हा चिवटपणा नव्हे.

दुखण्यात मनाचा संबंध येतोच कुठे, याचे शास्त्रीय उत्तर रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडले. त्यांच्या ‘द्वार नियंत्रण’ सिद्धांतानुसार इजेचा संदेश मज्जारज्जूतून थेट मेंदूत जात नाही. वाटेत जणू एक दार असते आणि मेंदूकडून खाली येणारे संदेश ते कमीअधिक उघडतात किंवा लोटतात. भीती, लक्ष, झोप, त्या दुखण्याचा माणसाने लावलेला अर्थ, सगळ्यांचा त्या दारावर हात असतो. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या अमेरिकी डॉक्टरला गंभीर जखमी सैनिकांपैकी बरेच जण वेदनाशामक मागत नसल्याचे आढळले होते. त्यांच्या लेखी ती जखम म्हणजे आघाडीवरून जिवंत सुटका होती. याचा अर्थ वेदना ‘मनाचे खेळ’ असते असा नाही. ती खरीच असते. फक्त तिची तीव्रता केवळ जखमेच्या आकारावर ठरत नाही.

मेल्झॅकने १९७५ मध्ये वेदनेचे वर्णन करणारे ७८ शब्द गटवारीने मांडून मॅकगिल प्रश्नावली तयार केली. मराठीला ही यादी तोकडीच वाटावी. दाढ ठणकते, गळू ठुसठुसते, कंबरेत उसण भरते, पोटात कळ येते, छातीत चमक निघते, डोके भणभणते, पोटरीत गोळा येतो. आग, मुंग्या, ‘करंट’ असे शब्द रुग्णाने वापरले की डॉक्टरचे लक्ष मज्जातंतूंकडे वळते. ‘दुखतंय हो’ एवढ्यावर थांबणाऱ्याचे निदान अवघड होते.

जुनाट दुखण्यात माणूस दोन सापळ्यांत सापडतो. पहिला भीतीचा. वाकताना एकदा उसण भरली की माणूस वाकणेच सोडतो. स्नायू दुबळे होतात, मग थोड्या हालचालीनेही दुखते आणि भीती खरी ठरल्यासारखी वाटते. योहान व्लायेन आणि स्टीव्हन लिंटन यांनी २००० मध्ये या चक्राची सविस्तर मांडणी केली. त्याच्या मुळाशी बहुधा वेदनेबद्दलचा टोकाचा विचार असतो. तो मोजणाऱ्या १९९५ च्या प्रश्नावलीत १३ विधाने आहेत आणि त्यांत तीन गोष्टी पाहिल्या जातात: दुखणे मनात घोळवत राहणे, ते वाढवून पाहणे आणि आपल्या हातात काहीच नाही असे वाटणे.

दुसरा सापळा कष्टाळू माणसांचा. ‘बरं वाटतंय तोवर उरकून घेऊ’ म्हणत गुडघे धरलेली बाई एका उभ्याने तीस पोळ्या लाटते, भांडी घासते, माळाही झाडते आणि पुढचे दोन दिवस अंथरुणावर काढते. इलाज साधा वाटतो, पण अंगी बाणायला महिने लागतात: आठ पोळ्या झाल्या की, गुडघा कुरकुरत नसला तरी, स्टुलावर बसायचे. सिअॅटलचे मानसशास्त्रज्ञ विल्बर्ट फोर्डाइस यांचे सूत्र हेच होते. व्यायाम दुखेपर्यंत करायचा नाही, ठरल्या मापापर्यंत करायचा. औषध कळ आली म्हणून घ्यायचे नाही, घड्याळाप्रमाणे घ्यायचे. थांबायचे कधी हे ठरवण्याचा अधिकार वेदनेकडून काढून घेणे, हे त्यामागचे इंगित.

मानसशास्त्रज्ञांच्या पुढच्या पिढीने वेदनेच्या ‘स्वीकारा’वर भर दिला. लान्स मॅक्रॅकेन यांच्या मांडणीत त्याचे दोन भाग आहेत: वेदना असतानाही हवे ते करत राहणे आणि तिला हुसकावण्याची अखंड लढाई सोडणे. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या रुग्णालयात सुरू केलेला आठ आठवड्यांचा सजगता (माइंडफुलनेस) कार्यक्रम याच दिशेचा. अंगभर लक्ष फिरवण्याचा त्यातला सराव विपश्यनेच्या ज्या परंपरेशी नाते सांगतो, तिचे मोठे केंद्र इगतपुरीला आहे. त्या केंद्राशी जोडलेले सत्यनारायण गोएंका स्वतः अर्धशिशीचे जुने रोगी होते. मॉर्फिनची इंजेक्शने घेण्यापर्यंत वेळ आली होती. १९५५ मध्ये रंगूनला ते विपश्यना शिकवणाऱ्या ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तेव्हा निव्वळ डोकेदुखी घालवण्यासाठी येणार असाल तर येऊ नका, असे त्यांना सांगण्यात आले. शिबिराला प्रवेश मिळाला तो हेतू बदलल्यावर.

अॅलेक्स झाउट्रा आणि सहकाऱ्यांनी संधिवात व फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा जुनाट आजार) असलेल्या स्त्रियांचा आठवड्या-आठवड्याने मागोवा घेतला. ज्या आठवड्यात आनंदाचे क्षण अधिक, त्या आठवड्यात वेदना वाढली तरी मन तितके खचत नव्हते. शेजारणीशी गप्पा, कुंडीतली रोपे, नातवाचा अभ्यास या गोष्टी ‘बरे वाटल्यावर’ करायच्या यादीत ढकलणे म्हणूनच महागात पडते.

या उपायांचा परिणाम मात्र माफक आहे. उपचारांचे पुरावे एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात ७५ अभ्यास आणि ९,४०० वर रुग्ण होते. त्यात वर्तन-बोधन उपचाराने (विचार व सवयी बदलण्यावर भर देणाऱ्या समुपदेशनाने) वेदना, अपंगत्व आणि मनस्ताप यांत थोडाच फरक पडल्याचे दिसले. शिवाय चिवटपणाची भाषा रुग्णावर उलटू शकते. ‘मन घट्ट कर’ असे सुनावणाऱ्या घरात दुखणे पुन्हा अंगावरच काढले जाते. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघाने त्याच वर्षी वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्यासोबतच्या टिपांत, माणूस आपल्याला दुखते असे सांगतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा आदर राखावा, असे नमूद केले आहे.