पायाखाली तार की पाणी?

अनवाणी उभं राहिलं तर दोन्ही सारखीच वाटतात. तळव्यांना ऊब, भिंतीला रेडिएटर नाही, आवाज नाही. म्हणून ‘फ्लोअर हीटिंग’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात: फरशीखाली पसरलेली विजेची तार आणि प्लास्टिकच्या नळ्यांतून फिरणारं गरम पाणी. अशी ऊबदार फरशी असलेल्या जुन्या घरात राहायला गेलात तर पायाखाली काय आहे ते आधी शोधा. कपाटात किंवा जिन्याखाली कुठेतरी नळ्यांची रांग जोडलेला मॅनिफोल्ड, म्हणजे खोल्याखोल्यांना गरम पाणी वाटून देणारा जाड नळ, सापडला, तर पाणी. नाहीतर बहुधा तार.

तारेची मॅट जेमतेम 3-4 मिलिमीटर जाड. टाइलखालच्या चिकटवणीतच ती मावते, त्यामुळे जुनी दारं खालून तासावी लागत नाहीत. चौरस मीटरला साधारण 150 वॅट घेते आणि खाली इन्सुलेशन असेल तर तासाभरात फरशी ऊबदार करते. बाथरूमला हिच्यासारखी सोय नाही. सकाळी लावा, आंघोळी झाल्या की बंद करा. सगळं घर मात्र हिच्यावर तापवू नये, कारण एक युनिट विजेतून एकच युनिट उष्णता मिळते. पाण्याला हीट पंप जोडला तर तो बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली उष्णता ओढून आणतो, आणि त्याच एका युनिटात तीनेक युनिट पदरात पडतात. फरशीला 35 ते 45 अंशांचं पाणी पुरतं, म्हणूनच हे जमतं.

घोळ होतो तो पाण्याला तारेसारखं वागवल्यावर. नळ्या सिमेंटच्या थरात गाडलेल्या असतात. 65 मिलिमीटरचा थर म्हणजे चौरस मीटरला सुमारे 130 किलो वजन, आणि ते तापायला कित्येक तास लागतात. थंडी वाजली म्हणून रात्री थर्मोस्टॅट 25 वर नेला, तर झोपेपर्यंत काहीच होत नाही आणि पहाटे खिडक्या उघडायची वेळ येते. तापमान एकदा ठरवा आणि रोज हात लावू नका. नवीन बसवणार असाल, तर लाकडी तुळयांच्या मजल्याला हे वजन पेलेल का, हे इंजिनिअरला विचारल्याशिवाय काम सुरू करू नका. तिथे हलके पातळ पॅनेलच बरे.

एक मर्यादा दोघांनाही आहे. राहत्या खोलीत फरशी 29 अंशांपुढे नेत नाहीत, म्हणजे 20 अंशांच्या खोलीला चौरस मीटरमागे जास्तीत जास्त 100 वॅट मिळतात. फटींतून वारा शिरणाऱ्या घराला ते पुरत नाहीत. माझं ठाम मत आहे की पैसा आधी फटी बुजवण्यात आणि छपराच्या इन्सुलेशनमध्ये घालावा.

बिघाड झाला की दोघांतला फरक फार जाणवतो. तार तुटली तर रोध मोजून आणि जागा हुडकून एखाद-दुसरी टाइल उचलावी लागते. पाण्यात एकच खोली गार पडली, तर फरशी फोडायची घाई करू नका. मॅनिफोल्डवरच्या, पाण्याचा प्रवाह दाखवणाऱ्या छोट्या पारदर्शक नळ्यांकडे बघा. बाकीच्यांतली खूण पुढे सरकलेली आणि त्या खोलीची शून्यावरच बसलेली दिसली, तर हवा अडकलेली असेल, गाळ साचला असेल किंवा झडप अडकली असेल. गळतीची शंका घ्यायची ती दाबाचा काटा पुन्हा पुन्हा खाली येत असेल तेव्हा.