लहान गावांतील परवडणारी घरे

लहान ग्रामीण वस्त्यांमधील अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांना झेपेल अशा किमतीत किंवा भाड्यात घरे उभारणे आणि ती पुढील पिढ्यांनाही झेपतील अशी राखणे, असे या विषयाचे दुहेरी स्वरूप आहे. यातील दुसरे काम अधिक अवघड असून धोरणकर्त्यांचे नेमके त्याकडेच दुर्लक्ष होते. गावात जमीन भरपूर, म्हणून घरेही स्वस्त, हा समज फसवा आहे. गावातील मिळकत बहुधा तुटपुंजी आणि हंगामी असते, तिचा लेखी पुरावा नसल्याने कर्ज मिळत नाही, भाड्याची घरे मोजकीच असतात आणि कित्येक जुनी घरे वारसांच्या वादात बंद पडलेली असतात. गाव निसर्गरम्य असेल, तर सुटीपुरते घर घेणारे बाहेरचे सधन खरेदीदारही त्याच थोड्या घरांवर बोली लावतात.

गावाची गरज एका वेळी सहा-आठ घरांची असते आणि अडचण तिथूनच सुरू होते. मोजणी, परवानग्या, कायदेशीर कागदपत्रे, पोहोचरस्ता आणि पाण्याची जोडणी यांचा खर्च घरांच्या संख्येप्रमाणे कमी होत नाही; तो थोड्याच घरांवर विभागला जातो, त्यामुळे मोठे बांधकाम व्यावसायिक अशा कामाकडे फिरकत नाहीत. सांडपाण्याची सामाईक वाहिनी नसल्यास त्या जागेवर किती घरे बसतील हे बऱ्याचदा माती ठरवते. चाचणीसाठी खड्डे खणून त्यांत पाणी भरतात, माती चांगली भिजू देतात आणि मग पाण्याची पातळी किती वेळात किती उतरते ते मोजतात. पाणी फारच सावकाश मुरत असेल, तर शोषखड्ड्यांसाठी अधिक जागा सोडावी लागते आणि नकाशावरील दहा घरांची पाच होतात.

जमिनीचा प्रश्न सुटल्याशिवाय बाकीचे उपाय लंगडे राहतात. भारतात २०१६ पासून राबवल्या जाणाऱ्या प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीण या योजनेत किमान २५ चौरस मीटरच्या घरासाठी अनुदान मिळते. पण ज्याच्या नावावर जागाच नाही, त्याला त्या अनुदानातून पाया खणता येत नाही. इंग्लंडमध्ये गावाच्या कडेच्या, एरवी घरबांधणीला परवानगी न मिळणाऱ्या जमिनीवर केवळ स्थानिक गरजेच्या परवडणाऱ्या घरांसाठी अपवाद करतात. खुल्या बाजारासाठी बांधकाम करता येणार नसल्याने त्या जमिनीचा भाव शेतजमिनीच्या आसपास राहतो.

सामुदायिक भूमी न्यासाची कल्पना याहून मूलगामी आहे. जमीन न्यासाच्या मालकीची राहते, कुटुंब फक्त घर विकत घेते आणि जमीन दीर्घ मुदतीच्या, बहुधा ९९ वर्षांच्या, भाडेपट्ट्याने वापरते. घर विकताना किंमत ठरलेल्या सूत्रानेच काढावी लागते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात १९६९ मध्ये नागरी हक्क चळवळीतील कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांनी स्थापन केलेली ‘न्यू कम्युनिटीज’ ही या प्रकारची पहिली संस्था मानली जाते. तिच्या प्रेरणांमध्ये विनोबा भावे यांच्या ग्रामदान चळवळीचा समावेश होता. दुष्काळ आणि वेळेवर न मिळालेले सरकारी कर्ज यांमुळे १९८५ मध्ये संस्थेची जमीन गेली, पण तिचा नमुना मात्र अनेक देशांत रुजला.

बांधकामाचा खर्च कमी करण्याचा परिणामकारक मार्ग म्हणजे परस्पर श्रमदान. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अशा कार्यक्रमात काही कुटुंबांचा गट एकत्र येऊन, प्रशिक्षित पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली, बांधकामाचे सुमारे ६५ टक्के श्रम स्वतः करतो. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी ही मंडळी भिंतींचे सांगाडे उभे करतात, छप्पर घालतात, रंग देतात. बहुतेक गटांत सगळी घरे पूर्ण होईपर्यंत कोणीही राहायला जात नाही, त्यामुळे आपले घर आटोपले म्हणून कोणाला अंग काढून घेता येत नाही. वृद्ध, आजारी किंवा दोन पाळ्यांत राबणाऱ्या कुटुंबांना मात्र हा मार्ग झेपत नाही. त्यांच्यासाठी भाड्याचीच घरे लागतात.

घरे परवडणारी राहावीत यासाठी करारातच तरतूद हवी. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९८० च्या गृहनिर्माण कायद्याने भाडेकरूंना सार्वजनिक घरे सवलतीत विकत घेण्याचा हक्क दिला आणि अनेक खेड्यांतील अशी मोजकी घरे खुल्या बाजारात गेली. स्कॉटलंडने पुढे मान्यताप्राप्त ग्रामीण गृहनिर्माण संस्थांना असा हक्क दिला, की ठरावीक घर जेव्हा जेव्हा विक्रीला निघेल, तेव्हा खरेदीची पहिली संधी त्यांनाच मिळेल. अमेरिकेत सरकारी कर्जातून उभारलेल्या ग्रामीण भाड्याच्या इमारतींवरील भाडेमर्यादा बहुतांशी कर्जाशी जोडलेली असते. शेवटचा हप्ता फिटला, की ती मर्यादा आणि तिच्याबरोबर मिळणारे भाडेसाहाय्यही संपू शकते. त्यामुळे कर्जफेडीच्या आधीच अशा इमारती ना-नफा संस्थांकडे सोपवणे हे तिथल्या ग्रामीण गृहनिर्माणातील तातडीचे काम झाले आहे.